आधी ओहोटी बघा, मग सहलीची तारीख ठरवा

शाळेची सहल कशी ठरते ते आपल्याला माहीत आहे. सहामाही परीक्षा झाली की स्नेहसंमेलनाची तारीख बघायची, एसटीची गाडी कधी मोकळी आहे ते आगारात विचारायचं आणि उरलेल्या दिवसांतून एखादा शुक्रवार-शनिवार-रविवार काढायचा. मीही पहिल्या वर्षी तसंच केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आमच्या शाळेची नववीची ४२ मुलं घेऊन आम्ही मालवणला पोचलो. सकाळी सातला खडकांवर उतरून समुद्री जीव बघायचे, असं कागदावर लिहिलेलं होतं. सातला खडक पाण्याखाली होते. नऊला थोडे वर आले, तेही अर्धेच. त्या दिवशी अष्टमी होती. भांगाचं पाणी, म्हणजे भरतीही बेताची आणि ओहोटीही बेताची. मुलांनी तीन दिवसांत वाळू पाहिली, किल्ला पाहिला, मासे खाल्ले. समुद्रातलं जिवंत काही फारसं पाहिलं नाही. घाट चढताना एका मुलीने विचारलं, "बाई, पण प्राणी कुठे होते?" त्यानंतर पाच वेळा मी वर्ग नेला आहे आणि प्रत्येक वेळी पहिली गोष्ट ठरवली ती ओहोटी.

ज्यांना आपला वर्ग मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बेटावर आणि आजूबाजूच्या खडकांवर अभ्यासाला न्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. मालवणच का, तर हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. एकूण क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यातला सुमारे सव्वातीन चौरस किलोमीटरचा गाभा किल्ल्याभोवतीचा आणि शेजारच्या पद्मगड या छोट्या किल्ल्याजवळचा. इथे प्रवाळ आहेत, खडक आहेत, वाळू आहे, खाडी आहे, कांदळवन आहे, आणि हे सगळं बसने अर्ध्या तासाच्या आत. घाटावरच्या मुलांना एवढं एका जागी दुसरीकडे सहज मिळत नाही.

पाण्याचं गणित

भरती-ओहोटी दिवसातून दोन-दोनदा येते आणि रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग. आपल्याला उधाणाची ओहोटी हवी, आणि ती मुलांच्या सोयीच्या वेळी हवी.

कोकणातली जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेला दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला, रात्रीही आणि दुपारीही. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे सकाळी पावणेआठच्या आसपास. हा हिशोब मुंबईच्या बाजूला बरोबर जुळतो. मालवणला पाणी त्याच्या थोडं आधी फिरतं, तेव्हा द्वितीया-तृतीयेला ओहोटी सकाळी सात ते आठच्या मध्ये पकडा. थंडीत मालवणला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. म्हणजे उजाडतं आणि खडक उघडे पडतात, दोन्ही एकदमच.

तिथीवरून महिना आणि आठवडा ठरवा, पण मिनिटांसाठी तक्ता घ्या. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतो. त्यात गोव्यातल्या मुरगाव बंदराचा तक्ता मालवणला जवळचा. तक्त्यात वेळेपुढे पाण्याची उंची मीटरमध्ये असते. एकाच दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीचा आकडा ०.३ असेल तर दुसरीचा ०.८ असू शकतो. कमी आकड्याची ओहोटी सकाळी येते ना, एवढं बघून घ्या. अर्ध्या मीटरच्या खालचा आकडा मिळाला तर मी गाडी ठरवते. नाही मिळाला तर पुढचं उधाण बघते. मुख्याध्यापकांना हे पटवायला पहिल्या वर्षी वेळ लागला. मी कालनिर्णय आणि तक्ता शेजारी शेजारी ठेवून दाखवलं. आता तेच विचारतात, यंदा ओहोटी कधीची.

पौर्णिमेनंतर जायचं की अमावास्येनंतर? मी अमावास्येनंतरची शुद्ध द्वितीया ते चतुर्थी निवडते. चंद्राची कोर लवकर मावळते, रात्र काळी मिळते आणि आकाश भरून दिसतं. शिवाय थंडीत कोकण किनाऱ्यावर कधी कधी लाट फुटताना निळी चमकते. नॉक्टिल्युका नावाच्या एकपेशीय जीवांचा तो उजेड; पाणी हललं की ते चमकतात. आम्हाला पाचांतून दोनदा दिसला. मुलांना आधी वचन देऊ नका, फक्त रात्री जेवल्यावर सगळ्यांना घेऊन दहा मिनिटं अंधारात किनाऱ्यावर उभं राहा, विजेऱ्या बंद ठेवून.

महिना डिसेंबर किंवा जानेवारी. पाणी शांत असतं आणि बऱ्यापैकी स्वच्छ. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंद असतात, आणि मे महिन्यात तापलेल्या खडकावर मुलांना तासभर उभं करणं बरं नाही.

कागद, गाडी, माणसं

शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचं संमतीपत्र, विमा, ओळखपत्रांची यादी, हे सगळं आपल्याला पाठ आहे. एसटीला शालेय सहलीची सवलत मिळते, अर्ज मात्र लवकर टाका. त्याखेरीज एक पत्र मालवणच्या वनविभागाच्या, म्हणजे कांदळवन कक्षाच्या कार्यालयाला लिहा: कोणत्या दिवशी, किती मुलं, कुठे उतरणार. अभयारण्यात वर्ग उतरवतो आहोत, तेव्हा हे केलंच पाहिजे. आणि उतरण्याची योग्य जागाही त्यांच्याकडूनच कळते.

संमतीपत्रात दमा, फिट्स, कानाचा त्रास, पोहता येतं का, हे वेगळं विचारा. "काही आजार आहे का?" या एका ओळीला सगळे पालक "नाही" लिहितात. मुलींशी एका शिक्षिकेने आधी स्वतंत्र बोलून घ्यायचं. पॅड आणि जादा कपडे आमच्या पिशवीत असतात, आणि पाळी आली म्हणून कुणीही किनाऱ्यावर बसून राहायचं नाही, हे स्पष्ट सांगायचं. एका वर्षी एक मुलगी पोटात दुखतंय म्हणून दोन्ही सकाळी खोलीत थांबली. कारण मला परतताना कळलं. ते माझ्या मनाला अजून लागतं.

आठ मुलांमागे एक मोठं माणूस, यापेक्षा कमी चालणार नाही. आम्ही दोन-तीन पालकही घेतो, पण आपल्या मुलाच्या गटात पालक देत नाही.

राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण असा आमचा रस्ता. मुलांना बोट लागत नाही, घाट लागतो. बोटीचा प्रवास पंधरा-वीस मिनिटांचा. घाटाची वळणं त्याहून लांब. निघताना पोटभर वडा-पाव नको, कोरडं काही खाऊ द्या, आलेपाक जवळ ठेवा. गोळी द्यायची तर पालकांनी डॉक्टरांना विचारून बरोबर दिलेलीच.

निघायच्या आधीचा आठवडा

वर्गात तीन गोष्टी करून घ्या.

पहिली, चौकट. अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी पाइपची ५० बाय ५० सेंटिमीटरची चौकट मुलांनी स्वतः बनवायची, आत दोऱ्याने २५ घरं पाडायची. शाळेच्या मैदानात ती गवतावर टाकून घरांत काय काय आहे ते मोजायची सवय करा. समुद्रावर जाऊन पहिल्यांदा चौकट हातात दिली तर निम्मा वेळ "बाई, हे कसं धरायचं" यात जातो.

दुसरी, बघायची बादली. प्लॅस्टिकच्या बादलीचा तळ कापायचा, त्या जागी पारदर्शक ॲक्रिलिकची चकती सिलिकॉनने चिकटवायची, दोन दिवस वाळवायची, मग पाण्याच्या टाकीत दाबून गळते का बघायचं. पाण्याच्या पृष्ठभागावरची चकाकी आणि लहर नाहीशी झाली की तळ स्वच्छ दिसतो. चार बादल्या ४२ मुलांना पुरतात.

तिसरी, जीवरक्षक जॅकेट घालायचा सराव. गावातून, पोहण्याच्या तलावावरून, कुठूनही दोन-तीन उसने आणा. पट्टे आवळल्यावर खांद्याला धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. प्रत्येक मुलाने आपल्या जोडीदाराचं असं तपासायचं. जोडी शाळेतच ठरवा आणि तीन दिवस बदलू नका.

बूट जुने, बंद, तळाला पकड असलेले. चप्पल नको. खडकांवर चिकटलेल्या कालवांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, कडा ब्लेडसारख्या असतात.

खडकांवरची सकाळ

तक्त्यातल्या ओहोटीच्या वेळेआधी दीड तास, पण उजाडल्यावरच, उतरायचं आणि पाण्याच्या मागोमाग खाली जायचं. तक्त्यातली वेळ झाली की परत फिरायचं. हा नियम मी शिकले तो पद्मगडाच्या वाटेवर. दांडीच्या किनाऱ्यावरून पद्मगडाकडे ओहोटीत वाळूचा पट्टा उघडा पडतो, चालत जाता येतं. तिसऱ्या वर्षी मुलं चौकटींत रमली होती, मलाही भान नव्हतं. ओहोटी होऊन पावणेदोन तास झाले होते. जाळं विणत बसलेले एक वयस्क मच्छीमार लांबून चालत आले आणि म्हणाले, "पाणी फिरला बाईनू, आता थांबू नकात." आम्ही निघालो तेव्हा येताना कोरडी असलेली वाळू पोटरीभर पाण्यात होती. कुणाला काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी मी मुलांना आणि स्वतःलाही फळ्यावर बाराव्याचा नियम काढून दाखवला: पाणी चढायला लागलं की पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. उधाणाला चढ दोन मीटर धरला तर पहिल्या तासात वीतभरही नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो; तिसऱ्या तासात अर्धा मीटर. शिक्षक बेसावध असतो नेमका त्याच वेळी पाणी घाई करतं.

आता काम. वरच्या भरतीरेषेपासून पाण्यापर्यंत एक दोरी सरळ टाका, दर पाच मीटरवर गाठ. प्रत्येक गाठीपाशी चौकट ठेवायची आणि घरं मोजायची. वर जवळजवळ उघड्या खडकावर वाटाण्याएवढ्या गोगलगायी, फटीत दाटीने बसलेल्या. त्याखाली बार्नॅकलचे, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांचे, पांढरे खरखरीत ठिपके. मग कालवं. मग शेवाळ, स्पंज, समुद्रफुलं. दहावी-बारावी गाठ झाली की एखादं मूल आपणहून म्हणतं, "बाई, हे पट्ट्यापट्ट्याने आहेत." त्या वाक्यासाठी मी हे सगळं करते. त्याआधी पट्ट्यांबद्दल एक शब्दही बोलू नका. का पट्टे पडतात हे नंतर विचारा: कोण किती वेळ कोरडं राहू शकतं, कोणाला कोण खातं.

डबक्यांपाशी गडबड न करता बसायचं. मी मुलांना पाच मिनिटं एका डबक्यापाशी हालचाल न करता बसवते. पहिल्या मिनिटाला काही दिसत नाही. तिसऱ्या मिनिटाला एक शंख चालायला लागतो, त्यात खेकडा असतो. मग कोळंबीचं पारदर्शक पिल्लू दिसतं, मग दगडाखालून ठिसूळ ताऱ्याचा, म्हणजे तारामाशासारख्या लांब हातांच्या जिवाचा, एक हात. दगड उलटायचाच असेल तर मोठ्या माणसाने, आणि बघून झाल्यावर होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवायचा. दगडाच्या खालच्या अंगाला राहणारे जीव उन्हात तासाभरात मरतात.

हात लावायचा का? ओल्या हाताने, एका बोटाने, शिक्षक सांगतील त्याच जिवाला. शंकूच्या आकाराचा सुंदर नक्षीचा शंख दिसला तर अजिबात नाही. त्यातली गोगलगाय विषारी काटा मारते. सोबत काही आणायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, कारण तो उद्या कुणा खेकड्याचं घर असतो. प्रवाळ आणि समुद्रकाकडी यांना तर वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाइतकंच संरक्षण आहे. मुलांना हे वाघाचं उदाहरण देऊन सांगा, लगेच कळतं. प्रवाळ दगड वाटतो, पण जिवंत आहे. पाणी फार तापलं की आतलं शैवाल निघून जातं आणि तो पांढरा पडतो. मालवणच्या प्रवाळांतही हे अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. त्यावर पाय पडला तर कित्येक वर्षांची वाढ एका क्षणात मोडते.

बेटावर

खडक झाल्यावर न्याहारी, मग साडेदहाच्या सुमाराला चढत्या पाण्यात मालवण धक्क्यावरून बोट. बोटीची माणसांची मर्यादा विचारा आणि तेवढीच माणसं चढवा, दोन फेऱ्या लागल्या तर लागू द्या. दर आदल्या दिवशी ठरवून कागदावर घ्या. पहिल्या बोटीत एक शिक्षक आधी उतरतो, शेवटच्या बोटीत एक शेवटी चढतो.

किल्ला म्हणजे कुरटे बेट. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला मुहूर्त केला, मालवणच्या किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा करून. तो धोंडाही दाखवा. तट सुमारे तीन किलोमीटर, आत ४८ एकर. पायाचे दगड शिशात बसवलेले. इतिहासाचे शिक्षक बरोबर असतील तर त्यांना मनसोक्त बोलू द्या, दरवाजा जवळ जाईपर्यंत का दिसत नाही हे मुलांनाच शोधू द्या, शिवराजेश्वराच्या देवळात दर्शन घ्या. मी मात्र मुलांना सगळ्यात जास्त वेळ विहिरींपाशी थांबवते. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये गोडं पाणी. असं का?

उत्तर लगेच देऊ नका. आधी अंदाज लिहून घ्या. आमच्या वर्गात दरवर्षी तीन उत्तरं येतात: नदीचं पाणी समुद्राखालून येतं, खडक मीठ गाळतो, देवाची कृपा. मग एक पारदर्शक पेला काढायचा, समुद्राच्या पाण्यात थोडी शाई घालायची, आणि चमच्याच्या पाठीवरून हळूहळू गोडं पाणी सोडायचं. गोडं पाणी वर तरंगतं, दोन थर वेगळे दिसतात. बेटावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो, आणि हलका असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकारात साठतो. फार उपसा केला तर खालचं खारं वर येतं. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना हा शेवटचा भाग वेगळा समजावून सांगावा लागत नाही, त्यांच्या घरच्या बोअरवेल कुठल्या खोलीवर गेल्या ते त्यांना माहीत असतं. किल्ल्यात अजूनही काही कुटुंबं राहतात. त्यांना मुलांनी नीट नमस्कार करून विचारलं तर ते पाण्याबद्दल बोलतात.

परतताना बोटवाल्यांना किल्ल्याच्या आडोशाला दहा मिनिटं इंजिन बंद करून थांबायला सांगा. काठाला बसलेली मुलं बादल्या पाण्यात दाबून बघतील, मग जागा बदलतील, एका वेळी दोघंच. प्रवाळ, त्यावरचे पट्टेवाले मासे, सगळं दिसतं. संपूर्ण वर्गाला स्नॉर्केलिंग करू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. तोंडावर मुखवटा लावलेली, समुद्र पहिल्यांदा बघणारी चाळीस मुलं एका वेळी डोळ्यांत ठेवता येत नाहीत, आणि घाबरलेलं मूल पाय टेकायला जागा शोधतं, ती जागा प्रवाळ असते.

पाण्यात उतरण्याबद्दल

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुलं बुडाली. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरीला बेळगावहून आलेल्या गटातले आठ जण गेले. मी हे पालकसभेत मोठ्याने सांगते. सहशिक्षकांना वाटतं, पालक घाबरतील. घाबरू देत. मग आपण काय करणार ते सांगितलं की त्यांचा विश्वास वाढतो.

आम्ही असं करतो. मुलांना समुद्रात भिजायचं असतंच. ते नाकारलं तर कुणीतरी लपून जाईल. म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास ठरवलेला. जागा किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना विचारून; खाडीच्या मुखाजवळ कधीही नाही, देवबागच्या संगमाकडे तर नाहीच, तिथे पाण्याला फार ओढ असते. दोन काठ्या रोवून त्यांमध्ये दोरी बांधायची, तिच्या आतच खेळायचं, पाणी गुडघ्यापर्यंत. एका वेळी दहा मुलं, बाकीची वाळूवर. पाण्याच्या बाजूला, मुलांकडे तोंड करून, पोहता येणारी दोन मोठी माणसं. दर दहा मिनिटांनी शिट्टी. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा, मी मोजते. मोजणीच्या वेळी कुणाचाही फोटो काढला जात नाही, शिक्षकांचे फोन पिशवीत.

लाटांमध्ये एखादा पट्टा शांत दिसतो, तिथे लाट फुटत नाही. मुलांना ती जागा सुरक्षित वाटते. खरं तर तिथूनच किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जात असतं. किनाऱ्यावर उभं राहून त्यांना ते बोट दाखवून सांगा. कुणी ओढलं गेलंच तर सरळ किनाऱ्याकडे झगडायचं नाही, तरंगत राहून हात वर करायचा, ओढ कमी झाली की बाजूने सरकायचं. आणि बाकीच्यांनी मागे उडी मारायची नाही. आदल्या दिवशी हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा उंच लाटांचा इशारा बघा. इशारा असेल तर तो तास रद्द, मुलं कितीही रुसली तरी.

जेलीफिशचा चटका बसला तर वाळूने चोळायचं नाही, गोड्या पाण्याने धुवायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुऊन, चिकटलेले धागे चिमट्याने काढून, डॉक्टरांकडे. वाळूत दबून बसलेल्या पाकट माशाच्या शेपटीचा काटा लागू नये म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूतून घासत चालायचं, म्हणजे पाकट आधीच निघून जातं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय ठेवून लगेच रुग्णालय. कालवाने कापलेली जखम छोटी दिसते, पण पिकते. त्याच वेळी स्वच्छ करा.

किनाऱ्यावरची माणसं

चिवला किंवा दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागली असेल तर ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवा. होडीने अर्धगोल जाळं टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून माणसं ओढतात, पन्नास-पन्नास माणसं. विचारून मुलांनाही दोर धरू द्या. जाळं वर येईपर्यंत तासभर जातो. मिळालेल्या माशांचे वाटे पडतात, ओढणाऱ्या प्रत्येकाला वाटा. आमच्या एका मुलाच्या हातात एका मावशींनी चार तारल्या ठेवल्या, "तुयां ओढलंस मां" म्हणून. त्याने त्या संध्याकाळी खाणावळीत तळून घेतल्या आणि बेचाळीस जणांत वाटायचा प्रयत्न केला.

संध्याकाळी बंदरावर लिलाव असतो. मुलांना दोघा-दोघांत सोडा, मोठं माणूस जवळपास. त्यांनी पाच माशांची मालवणी नावं विचारून आणायची. सुरमईला इसवण, कोळंबीला सुंगटां, खेकड्याला कुर्ली. आणि एक प्रश्न जुन्या मच्छीमाराला: तुमच्या तरुणपणी जे मिळायचं आणि आता मिळत नाही, ते काय? उत्तरात पर्ससीनच्या, म्हणजे यांत्रिक बोटींनी माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या मोठ्या जाळ्यांचा विषय निघतो, कधी राग निघतो. ऐकून घ्यायचं, लिहून घ्यायचं. मधे बोलायचं नाही.

शाकाहारी मुलांची सोय आधी सांगून ठेवा; काळ्या वाटाण्याची सांबारी, घावणे, सोलकढी यांवर ती मजेत राहतात. मासे पहिल्यांदा खाणाऱ्यांना बांगडा द्या, काटे मोठे असतात, दिसतात.

तिसऱ्या सकाळी कोळंबची खाडी. तिवराची पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली श्वसनमुळं आणि कांदळाची तंबूसारखी आधारमुळं, दोन्ही शेजारी दिसतात. तिवराच्या पानाच्या मागच्या बाजूला जीभ लावू द्या. खारट लागतं, झाड जादा मीठ पानातून बाहेर टाकतं. एवढं पुरे, त्या दिवशी मुलं थकलेली असतात.

निघताना एक लिटर समुद्राचं पाणी बाटलीत भरून घ्या. शाळेत परत आल्यावर ते गाळून हळूहळू आटवायचं. साधारण ३५ ग्रॅम मीठ उरतं. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात पाच बाटल्या आहेत, प्रत्येकीवर वर्ष आणि तिथी. त्यांच्या शेजारी चौकटींच्या मोजणीचे तक्ते, गाठीप्रमाणे. जानेवारीत नववीचा वर्ग खडकांवर जाण्याआधी आदल्या वर्गाचा तक्ता उघडतो आणि तीच दोरी, त्याच गाठी घेऊन जातो. गेल्या वर्षी सातव्या गाठीपाशी कालवं कमी भरली. यंदाच्या मुलांनी आधी तिथेच जायचं ठरवलं आहे.